पेनड्राइव्ह नेमका कुठे अडला?

‘पेनड्राइव्ह चालत नाही’ या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या तक्रारी असतात. कुणाच्या पेनड्राइव्हचा दिवाच लागत नाही. कुणाचा दिवा लागतो, पण स्क्रीनवर काही उमटत नाही. कुणाला ड्राइव्ह दिसतो, पण त्यावर काही टाकता येत नाही. आणि कुणाचं सगळं सुरळीत पार पडतं, फक्त घरी कॉपी केलेली फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली की रिकामी निघते. या चौघांचं दुखणं वेगळं आहे, म्हणून औषधही वेगळं. तरी सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: ‘फॉरमॅट मारून बघ.’

लिनक्समध्ये असं अंदाजपंचे करायची गरज नसते. पेनड्राइव्ह खोचल्यापासून खिडकी उघडेपर्यंतची कामं तिथे वेगवेगळे प्रोग्रॅम करतात आणि बहुतेक जण आपापली नोंद मागे ठेवतात. गाडी कुठल्या स्टेशनात थांबली ते त्या नोंदींवरून कळतं. आपल्याकडे जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटू लिनक्सच वापरलं जातं, शिवाय जुन्या लॅपटॉपवर मिंट किंवा उबुंटू टाकून तो पुन्हा कामाला लावणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा हा रस्ता एकदा सावकाश चालून बघू. लेखात येणाऱ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टाइप करायच्या.

पेनड्राइव्ह पोर्टात गेला की पहिली दखल घेतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तो उपकरणाला विचारतो, तू कोण? उत्तरादाखल पेनड्राइव्ह दोन क्रमांक सांगतो, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक त्या मालाचा. आपण ‘साठवणीचं उपकरण’ या वर्गातले आहोत, हेही सांगतो. तेवढं कर्नलला पुरतं. म्हणून पेनड्राइव्हसाठी कंपनीची सीडी किंवा वेगळा ड्राइव्हर लागत नाही. जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या पेनड्राइव्हना ‘यूएसबी-स्टोरेज’ हा एकच ड्राइव्हर चालतो.

हा संवाद प्रत्यक्ष बघता येतो. पेनड्राइव्ह काढून ठेवा, टर्मिनल उघडा आणि ‘सुडो डीमेसग’ ही आज्ञा द्या. त्यातलं सुडो म्हणजे ‘प्रशासकाच्या अधिकाराने’, आणि डीमेसग म्हणजे डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरं. पुढे जागा सोडून वजा-चिन्ह आणि मोठं डब्ल्यू लावलं, तर नव्या नोंदी जशा येतील तशा दिसत राहतात. आता पेनड्राइव्ह खोचा. दोन-तीन सेकंदांत दहा-पंधरा ओळी सरकतात. नवं ‘हाय-स्पीड’ उपकरण सापडलं, असं पहिली सांगते. त्याखाली कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक. मग ‘मास स्टोरेज’ उपकरण ओळखलं गेलं, अशी ओळ येते. इथे क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटतं, ते ड्राइव्हर मुद्दाम थोडा थांबतो म्हणून. मग मुख्य ओळ: एसडीबी, ५१२ बाइटचे ६,००,६२,५०० ठोकळे, ३०.८ जीबी. म्हणजे खोक्यावर ३२ छापलेल्या पेनड्राइव्हवर खरी जागा एवढी आहे. त्याच ओळीत २८.६ हाही आकडा असतो. तीच जागा, फक्त १००० ऐवजी १०२४च्या पटीत मोजलेली. शेवटी एसडीबी१ असं नाव येतं आणि ओळी थांबतात.

‘हाय-स्पीड’ या नावाला भुलू नका. ते यूएसबी २चं, सेकंदाला ४८० मेगाबिटचं जुनं नाव आहे. तुमचा पेनड्राइव्ह यूएसबी ३चा असेल तर तिथे ‘सुपरस्पीड’ असायला हवं. तसं नसेल तर तो बहुधा जुन्या पोर्टात गेला आहे. शेजारचं पोर्ट आतून निळं असेल तर त्यात लावून बघा.

पेनड्राइव्ह खोचूनही एकही नवी ओळ आली नाही, तर पोर्ट, हब, वायर किंवा खुद्द पेनड्राइव्ह यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची पोर्टं आत एका बारक्या वायरने जोडलेली असतात आणि ती वायर सैल होते, म्हणून आधी मागचं पोर्ट. ‘डिस्क्रिप्टर’ वाचताना उणे ७१ क्रमांकाची त्रुटी आली, अशी ओळ पुन्हा पुन्हा दिसली तर वीज पोचते आहे, पण बोलणं नीट होत नाही, असं समजा. असल्या ठिकाणी आज्ञा देऊन काही साधत नाही. पोर्ट बदला, सुक्या कापडाने टोक पुसा, दुसऱ्या संगणकावर लावा. तिथेही तेच झालं तर पैसे नव्या पेनड्राइव्हवर घाला.

एलएसयूएसबी या आज्ञेत पेनड्राइव्हचं नाव दिसतं, पण एलएसबीएलके या आज्ञेत तो डिस्क म्हणून येत नाही, असंही होतं. तेव्हा कर्नलने उपकरण पाहिलेलं असतं, फक्त ड्राइव्हर जोडला गेलेला नसतो. सरकारी कार्यालयात, बँकेत किंवा परीक्षा केंद्राच्या संगणकावर असं दिसलं तर तिथल्या प्रशासकाने यूएसबी-स्टोरेज मुद्दाम बंद केलेलं असण्याची शक्यता मोठी. मग खटपट करू नका, त्यालाच विचारा. घरच्या मशीनवर, विशेषतः आर्चसारख्या सतत अद्ययावत होणाऱ्या लिनक्सवर, कारण वेगळं असतं: अपडेटमध्ये नवा कर्नल आला, जुन्याचे ड्राइव्हर पुसले गेले आणि मशीन अजून जुन्याच कर्नलवर चालू आहे. ते रीस्टार्ट केलं की काम होतं.

आता नावाकडे वळू. एसडी ही अक्षरं आली ‘स्कझी डिस्क’वरून. स्कझी ही १९८०च्या दशकातली, संगणकांच्या डिस्कसाठी ठरवलेली बोली. खिशातला पेनड्राइव्ह आजही संगणकाशी तीच बोलतो. पहिली सापडलेली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी, आणि एसडीबीचा पहिला भाग एसडीबी१. जुन्या मशीनमध्ये एसडीए म्हणजे संगणकाची स्वतःची हार्ड डिस्क. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मात्र आतली डिस्क ‘एनव्हीएमई’ प्रकारची असते आणि तिचं नावच वेगळ्या धाटणीचं असतं, त्यामुळे एसडीए हा मान पेनड्राइव्हला मिळतो. एका मशीनवर पाठ केलेली आज्ञा दुसऱ्या मशीनवर डोळे मिटून दिली तर काय पुसलं जाईल, याचा विचार करा. लिनक्सची इन्स्टॉलेशन फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची ‘डीडी’ ही आज्ञा तर काहीही न विचारता कामाला लागते. तिला काही लोक थट्टेने ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात. अशा कामाआधी एलएसबीएलके चालवून डिस्कचा आकार बघायचाच. नाव फसवतं, आकार सहसा फसवत नाही.

डिस्क दिसली, तरी फाइली अजून दिसत नाहीत. डिस्क म्हणजे नुसते क्रमांक घातलेले ठोकळे. कुठल्या ठोकळ्यात कुठली फाइल आहे, हे सांगणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टिम. एलएसबीएलकेला वजा-एफ जोडलं की प्रत्येक भागापुढे तिचं नाव छापून येतं. बाजारातल्या पेनड्राइव्हवर मुख्यतः तीन भेटतात.

पहिली, सगळीकडे चालणारी, म्हणजे फॅट-३२. टीव्ही, गाडीतला म्युझिक प्लेअर, फोटो स्टुडिओचं मशीन, कुणीही ती वाचतो. तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. लग्नाचा सहा जीबीचा व्हिडिओ ३२ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर जात नाही तो यामुळे. जागा भरपूर दिसते, फाइल ‘फार मोठी’ म्हणून परत येते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

त्यावरचा तोडगा एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६मध्ये आणली, पण पेटंटच्या भानगडीमुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये तिला अनेक वर्षं जागा नव्हती आणि वेगळं पॅकेज टाकावं लागे. २०१९च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने तिची रचना खुली केली. २०२०मध्ये आलेल्या ५.७ या कर्नलमध्ये सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्राइव्हर दाखल झाला. त्यानंतरच्या कुठल्याही लिनक्सवर एक्सफॅट सहसा निमूट चालते. त्याआधीच्या मशीनवर ‘अनोळखी फाइल सिस्टिम’ असा संदेश आला तर पेनड्राइव्ह बिघडलेला नाही, लिनक्स जुनं आहे.

तिसरी विंडोजची एनटीएफएस. ती चालते, पण विंडोजवर अर्धवट सोडलेला एनटीएफएस ड्राइव्ह लिनक्स कधी नुसता वाचायला देतं, कधी जोडायलाच नकार देतं. पुन्हा विंडोजला लावून डिस्क तपासून घेणं, हा त्यावरचा सुरक्षित इलाज. माझं मत विचाराल तर पेनड्राइव्हला एनटीएफएस करूच नये. मोठ्या फाइलींसाठी एक्सफॅट, टीव्हीसाठी फॅट-३२, विषय मिटला.

फाइल सिस्टिम ओळखली की ती जोडायची कुठे, हा प्रश्न. विंडोज ई किंवा एफ असं अक्षर देतं. लिनक्समध्ये सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं आणि पेनड्राइव्ह त्यातल्या एखाद्या फोल्डरवर जोडला जातो. हे माउंट करणं. डेस्कटॉपवर ते पडद्यामागचा ‘यूडिस्क्स’ हा प्रोग्रॅम करतो. उबुंटूमध्ये ते फोल्डर ‘/मीडिया’खाली तुमच्या नावाच्या आत मिळतं, तर फेडोरामध्ये ‘/रन/मीडिया’खाली.

खिडकी आपोआप उघडली नाही तर डाव्या पट्टीतल्या नावावर एकदा टिचकी मारा. बऱ्याचदा तेवढंच बाकी असतं. डेस्कटॉप नसलेल्या मशीनवर ‘सुडो माउंट’, मग डिस्कचं नाव, मग फोल्डर, अशी आज्ञा देतात. त्यात एक खोच आहे. फॅट आणि एक्सफॅटमध्ये मालकाची नोंदच नसते, म्हणून ज्याने माउंट केलं तो मालक ठरतो. सुडोने केलं की मालक झाला रूट, म्हणजे मशीनचा प्रशासक, आणि तुम्हाला फाइली दिसतात पण नवी टाकता येत नाही. त्याऐवजी ‘यूडिस्कसीटीएल माउंट’, मग वजा-बी आणि डिस्कचं नाव, असं दिलं तर मालकी तुमच्याकडे राहते. पेनड्राइव्ह लिनक्सच्याच एक्स्ट-४ मध्ये फॉरमॅट केला असेल तर गोष्ट उलटी: तिथे मालकाचा क्रमांक ड्राइव्हवरच लिहिलेला असतो आणि दुसऱ्या मशीनवर तो क्रमांक भलत्याच्याच नावे निघू शकतो.

मशीन सुरू होताना काय काय माउंट करायचं, याची यादी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये असते. काही जण हौसेने पेनड्राइव्हची नोंद तिच्यात करून ठेवतात. नोंदीत ‘नोफेल’ हा शब्द नसेल आणि पेनड्राइव्ह घरी राहिला असेल, तर मशीन सुरू होताना दीड मिनिट त्याची वाट बघतं आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. पेनड्राइव्हसाठी ही हौस नको.

मराठी माणसाला छळणारी गोष्ट पुढेच आहे. पेनड्राइव्हवरची फाइल, समजा नाव असं: ‘गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षकांचा अहवाल अंतिम प्रत’, आणि मागे वर्डच्या फाइलचं टिंबासह पाच रोमन अक्षरांचं शेपूट. फॅटमध्ये लांब नावाची मर्यादा २५५ एकके. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, हलंत हे एकेक एकक. वरचं नाव ९७ भरतं. पुष्कळ मोकळीक. तीच फाइल लिनक्सच्या डिस्कवर ओढा, तर ‘नाव फार लांब’ म्हणून कॉपी अडते. एक्स्ट-४ची मर्यादाही २५५च आहे, पण ती बाइटची, आणि तिथे देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ८२ चिन्हांचे २४६, दहा मोकळ्या जागा आणि शेपटाचे पाच मिळून झाले २६१. सहा बाइट जास्त. इंग्रजीत नावं देणाऱ्याला ही भिंत सहसा लागतच नाही. ‘अंतिम प्रत’ खोडा, फाइल मुकाट येते.

उलट दिशेची अडचण विरामचिन्हांची. लिनक्सवर नावात विसर्गासारखी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह खुशाल चालतं, फॅटमध्ये चालत नाही. ‘सभा: निर्णय काय?’ अशा नावाची फाइल पेनड्राइव्हवर जायला नकार देते, तेव्हा दोष पेनड्राइव्हचा नसतो.

एका बाबतीत मात्र लिनक्स हक्काचा सोबती ठरतं. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात, हा शॉर्टकट व्हायरस पुष्कळांनी अनुभवला असेल. तो खऱ्या फाइलींवर ‘लपवलेली’ अशी खूण करतो. लिनक्सचा फाइल मॅनेजर फॅटवरची ती खूण सहसा मानत नाही. त्यामुळे सगळे फोल्डर, कधी कधी बिननावाच्या एका फोल्डरात कोंबलेले, समोर येतात. फाइली बाहेर काढून घ्या, शॉर्टकट पुसा आणि पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करा. हे फॉरमॅट मारणं मात्र रास्त.

आता सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, काढण्याचा. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘झटपट काढा’ हे धोरण आपोआप लागू झालं आणि लोकांना तो उपटायची सवय लागली. लिनक्सचा हिशेब निराळा आहे. कॉपी करताना माल आधी मेमरीत उतरतो आणि तिथून सवडीने पेनड्राइव्हवर जातो. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत लिहून रात्री खतावणी करतो, तसं. ‘कॉपी झाली’ हा संदेश कच्च्या वहीचा असतो. नेहमीच्या मांडणीत मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत माल असा तुंबू शकतो. आठ जीबी मोकळी मेमरी असेल तर झाले १.६ जीबी, सेकंदाला आठ एमबी लिहिणाऱ्या साध्या पेनड्राइव्हला तेवढं उतरवायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. कॉपीची पट्टी झरझर ९९ टक्क्यांवर जाऊन तिथेच ताटकळते, किंवा इजेक्ट दाबल्यावर ‘थांबा, लिहिणं चालू आहे’ अशी सूचना येते, त्याचं कारण हेच. फॅट असेल तर यूडिस्क्स ‘फ्लश’ नावाचा पर्याय लावून जरा घाई करवतो, पण त्याच्या भरवशावर ड्राइव्ह उपटू नये.

तुंबलेला माल डोळ्यांनी बघायचा असेल तर ‘/प्रॉक/मेमइन्फो’ ही फाइल उघडा. तिच्यातल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या ओळींतले आकडे, फाइल पुन्हा पुन्हा उघडली की, उतरताना दिसतात. ‘सिंक’ ही आज्ञा दिली तर सगळं लिहून होईपर्यंत टर्मिनल तुम्हाला सोडत नाही. तरी इजेक्ट किंवा अनमाउंट करायचंच. टर्मिनलमधल्या अनमाउंटच्या आज्ञेचं स्पेलिंग मात्र पहिला ‘एन’ गाळून लिहितात.

‘बिझी आहे’ म्हणून नकार आला तर कुणीतरी आत बसलेलं असतं. बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरून उघडलेली पीडीएफ, नाहीतर त्याच फोल्डरात उभं असलेलं टर्मिनल. ‘एलएसओएफ’ला माउंटचं फोल्डर दिलं की नाव कळतं. ते बंद करा, इजेक्ट होतं.

तसाच उपटला तर पुढच्या वेळी डीमेसगमध्ये ‘नीट अनमाउंट झालं नव्हतं, एफएससीके चालवा’ अशी ओळ दिसते. ही तपासणीची आज्ञा चालवावी, पण ड्राइव्ह अनमाउंट असताना. वापरता वापरता पेनड्राइव्ह अचानक ‘फक्त वाचण्यासाठी’ झाला, तर कर्नलला त्यावर चुका सापडल्या आहेत आणि आणखी नासाडी नको म्हणून त्याने लिहिणं थांबवलं आहे. तेव्हा जोर लावून लिहू नका. आधी आहे ते सगळं बाहेर काढा, तपासणी मागाहून. आणि स्वस्तात मिळालेल्या भल्या मोठ्या आकाराच्या पेनड्राइव्हवर जुन्या फाइली टिकून नव्या खराब निघत असतील, तर सांगितलेली जागा खरी आहे का ते ‘एफ३’ या फुकट प्रोग्रॅमने तपासा. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो, परत वाचतो आणि खरी जागा सांगतो.

एवढं करूनही अडलं तर जाणकाराला विचारायला संकोच नको. फक्त ‘पेनड्राइव्ह चालत नाही’ एवढंच लिहू नका. पेनड्राइव्ह खोचल्यानंतरच्या डीमेसगच्या शेवटच्या वीस ओळी आणि एलएसबीएलके वजा-एफचं उत्तर जसंच्या तसं पाठवा. अनुक्रमांक खोडलात तरी चालेल.